गाऱ्हाण्याचं शेपूट

परळ, १३ जानेवारी २०२५

कमलकाकी,

वाकून नमस्कार. तुझ्याशी फोनवर बोलायचं म्हणजे अख्ख्या परळला ऐकवायचं, म्हणून कागदावर लिहितोय. आमच्या स्टुडिओचं ऑफिस सांभाळणारी सीमा तुझ्याच चाळीतली, तेव्हा पोस्टाची गरज नाही. उत्तर तिच्याच हाती दे.

बातमी अशी की मोठ्या काकांचा आवाज सापडलाय. एकोणऐंशी सालच्या गणपतीत माटुंग्याच्या चिंतामणी रेडिओवाल्यांनी तुमच्या खोलीत स्पूलवर रेकॉर्डिंग केलं होतं, आठवतं? त्यांच्या मुलीनं ते स्पूल माळ्यावरून काढून आणून दिलं. काकांची भजनं आहेत आणि सुरुवातीला त्यांनी घातलेलं गाऱ्हाणं आहे, पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत. गिरगावात रुचा म्हणून एक मुलगी आहे, घरगुती जुनी रेकॉर्डिंगं जमवून त्यांच्या तबकड्या काढते. ती ऐकून वेडीच झाली. म्हणाली, "कुशाबा बुवांची एलपी निघालीच पाहिजे."

तबकडी कापायच्या आधी आवाज तिच्या खाचेत नीट बसेल असा तयार करायचा, हे माझं काम. तबकडी फार नखरेल असते. पखवाजाचा घुमारा मधोमध ठेवला नाही तर सुई खाचेबाहेर उडते. झांजा जास्त चमकल्या तर कापणारी सुई तापते. एका बाजूला वीसेक मिनिटांपेक्षा जास्त भरलं की सगळाच आवाज दबतो. म्हणजे कुठेतरी कात्री लावावी लागणार.

एक विचारायचंय. काका एकेक मागणं घालतात आणि बाकीचे "व्हय म्हाराजा" म्हणतात, त्यात बाबांचा आवाज मी लगेच ओळखला. पण दबलेले आवाज वर आणले तेव्हा पुरुषांच्या मागून एक बाईचा आवाज निघाला. काकांचं वाक्य संपायच्या आतच ती "व्हय म्हाराजा" म्हणून मोकळी होते. आधी मला तो टेपचा दोष वाटला. स्पूल वर्षानुवर्षं गुंडाळून ठेवलं की एका थरावरचा आवाज शेजारच्या थरावर उमटतो आणि पुढचं बोलणं आधीच पुसट ऐकू येतं. पण मग तो आवाज पुरुषांचाच यायला हवा होता.

तू होतीस का ती?

अवधूत


लालबाग, १५ जानेवारी

अवधूत, बाळा,

सुखी राहा. तुझं पत्र मी आधी उभ्यानं वाचलं आणि मग बसून वाचलं.

चिंतामणी मेल्यानं त्या दिवशी खोलीभर अशा वायरी पसरल्या होत्या की मोदकांचं ताट घेऊन मी दोनदा अडखळले. तुझे काका म्हणाले, "बघून चल गो, देवाक उपाशी ठेवतलंय!" ते पण आलंय का त्यात?

आमच्या घरी बायका "व्हय" म्हणत नसत. बायका पडद्यापलीकडे, चुलीजवळ. असेल शेजारची कोणी, आता काय आठवायचं. पण तू तो आवाज पुसू नकोस. लोकांना आवडो न आवडो, असू दे तिथेच.

ऐकू येत नाही याचं मला इतकी वर्षं काही वाटलं नव्हतं. उलट गणपतीत लालबागमध्ये बहिरं असणं हे भाग्यच म्हणायचं. तुझ्या पत्रानं मात्र वाटलं. तसा संप माझ्या कानांनी केलाय, हाडांनी नाही. खाली मसाल्याच्या डंकावर मिरच्या कुटायला घेतल्या की मला पायातून कळतं. हाडांना ऐकवायची काही सोय आहे का रे तुझ्याकडे?

तुझी काकी


परळ, २९ जानेवारी

काकी,

सोय आहे. सोबत सीमाबरोबर एक छोटा प्लेअर आणि एक तबकडी पाठवतोय. ही नमुन्याची आहे. अॅल्युमिनियमच्या ताटावर काळा मऊ लेप असतो आणि त्यात सुईनं खाच कोरलेली असते. ही पसंत पडली की हिच्यावरून साचा निघतो आणि साच्यावरून बाकीच्या. मऊ असल्यामुळे दहाबारा वेळा वाजवली की आवाज झिजतो, तेव्हा जपून.

आता कृती. लाकडी उलथन्याचा दांडा दातांत धर आणि त्याचं दुसरं टोक प्लेअरच्या पेटीवर टेकव. हसू नकोस. सुईची थरथर लाकडातून दातांत आणि दातांतून कवटीत जाते. मी स्वतः कानांत बोळे घालून करून पाहिलं. सीमा दारात उभी राहून म्हणाली, "सर, जेवण मागवू का? नाही, भूक लागलेली दिसतेय."

एक तडजोड करावी लागली. बाजू फारच लांब होत होती, म्हणून मी गाऱ्हाण्याचं शेपूट छाटलं. सगळ्यांना हाका मारतात ते आहे, मागणी आहेत. फक्त अगदी शेवटी काका खोकत खोकत आलेल्यांना परत जायला सांगतात, तेवढं नाही. भजनाचा एकही शब्द कापलेला नाही.

बाकी इथे नेहमीसारखंच. काल तबकडी कापून झाली आणि एसी घरघरायला लागला. सीमा वैतागून म्हणाली, "मर एकदाचा!" आणि तो त्याच क्षणी बंद पडला. मेकॅनिक येऊन गेला. म्हणतो, काही बिघडलेलं नाही, पण चालूही होत नाही. मला आणि सीमाला दोघांनाही वाटलं की त्याच्या आधी कोणीतरी काहीतरी बोललं. दोघेही एकमेकांना विचारत होतो, "काय म्हणालात, काय म्हणालीस?"

अवधूत


लालबाग, ३ फेब्रुवारी

अवधूत,

ऐकलं. दात शिवशिवले, मग टाळू, आणि मग एकदम डोक्याच्या मध्यभागी हे बोलायला लागले. "बा देवा म्हाराजा, ह्या घरातली सगळी लहानथोर तुज्या पायाशी जमली हत रे म्हाराजा." मी उलथनं सोडलं आणि रडून घेतलं. मग परत धरलं.

आता रागावते. शेपूट म्हणतोस त्याला? अरे, आपल्या घरच्या गाऱ्हाण्यात आधी देवाला हाक, मग घरातल्या मूळपुरुषापासून सगळ्या गेल्या-सवरल्यांना हाक. या, बसा, जेवा, आमची मागणी पुरी करा. आणि शेवटी, तुमचं पोट भरलं, तुम्ही खूश झालात, आता आपापल्या जागी सुखानं जा. हे शेवटचं म्हटल्याशिवाय माझ्या आजेसासऱ्यांनी, म्हणजे तुझ्या पणजोबांनी, कधी पान वाढू दिलं नाही. तू सगळ्यांना बोलावलंस, त्यांच्याकडून "व्हय" म्हणवून घेतलंस आणि जा म्हणायच्या आधी कात्री मारलीस. पाहुण्यांना दारात असं ताटकळत ठेवायला कुठल्या कॉलेजात शिकलास?

किती वेळा वाजवली ते विचारू नकोस. तुझ्या दहाबारापेक्षा जास्त. यांचा आवाज झिजत चाललाय, खसखस चावल्यासारखा लागतो. तुझ्या बाबाचा तर गेलाच. त्या बाईचा मात्र दिवसेंदिवस स्वच्छ होतोय.

ते शेवटचं परत जोडायची आता घाई करू नकोस. चूक झाली ती झाली. तबकडी माझ्याकडे राहू दे.

काकी


परळ, ११ फेब्रुवारी

काकी,

घाई करायची नाही म्हणतेस, पण मला करावीच लागली. नीट वाच.

स्टुडिओमागच्या गल्लीत चार कुत्री आहेत. मागच्या आठवड्यात भजनाचा शांत भाग तपासत होतो आणि ती भुंकत होती. मी स्वतःशीच म्हणालो, "गप्प बसतील का ही कधी!" मागून उत्तर आलं, "व्हय म्हाराजा." आधी बाईचा आवाज आणि तिच्या पाठोपाठ पाचसहा पुरुषांचा. स्पीकर बंद होते. काकी, ती कुत्री अजून भुंकतात. तोंड उघडतात, मान ताणतात, गळ्याच्या शिरा हलतात. आवाज येत नाही. भर दुपारी चहाची टपरी चालू असते, माणसं ये-जा करत असतात आणि ती चार कुत्री माणसांकडे बघून न वाजता भुंकत असतात. टपरीवाला म्हणाला, "कुठला तरी रोग आलाय, साहेब."

रुचा कव्हर बघायला आली होती. काकांचा फोटो तिला पसंत नव्हता. म्हणाली, "चेहरा दिसायलाच नको, नुसता पखवाज दिसू दे." छापखान्यातून नमुने आले त्यात चेहऱ्याच्या जागी कोरा कागद आहे. मूळ फोटोतही तसंच झालंय. तो फोटो तूच दिला होतास, मला तुला तोंड दाखवायला लाज वाटते.

आता आम्ही इथे जपून बोलतो. मुंबईत दिवसभर जपून बोलणं काय असतं ते करून बघ. सीमाचा नवरा दोनदा फोन करून विचारतो, भाजी कुठली आणू. रोज ती म्हणायची, "माझं डोकं आण." परवा तिनं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं आणि मग अगदी हळू म्हणाली, "भेंडी आणा." तो घाबरून घरी आला, हिला बरं नाही म्हणून.

म्हणून मी काल कापलेलं शेपूट परत जोडलं, एक भजन पुढच्या बाजूला सरकवलं आणि नवीन तबकडी कापली. काका म्हणतात, "जे कोण इले, जेवले, खुशी झाले, तेंका आपापल्या जाग्यार सुखान जाव दे रे म्हाराजा." सगळे पुरुष "व्हय म्हाराजा" म्हणतात. ती वाजवल्यापासून पुरुषांचे आवाज बंद झाले.

ती बाई त्या एकाच मागण्याला गप्प राहते. बाकी प्रत्येक ठिकाणी सगळ्यांच्या आधी, आणि इथे नाही. मूळ टेपवरही नाही, मी परत जाऊन पाहिलं. आणि स्टुडिओत ती अजून आहे. आज सकाळी मी नुसतं "चहा मिळेल का" म्हणालो, तिनं होकार दिला आणि मी चहा न पिता तसाच बाहेर निघून गेलो.

ती शेजारची कोणी नव्हती. तुला ठाऊक आहे ती कोण ते.

अवधूत


लालबाग, १४ फेब्रुवारी

अवधूत,

हो. मला पहिल्या पत्रातच कळलं होतं. वाक्य पुरं व्हायच्या आत होकार देणारी आमच्या घरात एकच होती.

तिचं नाव नलू. माझी धाकटी बहीण. आईबाप एका वर्षात गेले, गावचं घर चुलत्यांकडे गेलं आणि मी तिला इथे घेऊन आले. तुझे काका एका शब्दानं बोलले नाहीत. पडद्यापलीकडे माझ्या शेजारी बसून ती गाऱ्हाण्याला हळूच "व्हय म्हाराजा" म्हणायची, आणि तेही सगळ्यांच्या आधी. हे दरडावायचे, "कोण गो ती? बायलमाणसान व्हय म्हणूचा नाय!" की ही पदराचा बोळा तोंडात घालून हसायची. कशालाच दम नसे तिला. पोळी तव्यावर फुगायच्या आत खायची. लग्न ठरत होतं, परळचाच मुलगा, आणि पावसाळ्यात कावीळ झाली. एकोणीस वर्षांची होती.

ते स्पूल त्यानंतरच्या गणपतीतलं आहे. पडद्यापलीकडे मी एकटी होते.

तू जन्मायच्या आधीची गोष्ट, तुझा बाबाही पुढे तिचं नाव काढत नसे. हे तिचं श्राद्ध घालत नव्हते, कारण ती आपल्या कुळातली नाही. चुलत्यांनी घातलं नाही, कारण ती मुलगी. आता तूच सांग, "आपापल्या जाग्यार जावा" म्हटल्यावर ती कुठे जाणार होती? तुझ्या पणजोबांना जागा आहे. तुझ्या काकांना आहे. तिला होकार द्यायला जागाच नव्हती, म्हणून ती गप्प राहिली. सेहेचाळीस वर्षं त्या स्पूलमध्ये गप्प बसली आणि तू तिला वर आणलीस.

तू घाबरला आहेस, पण मला तिची भीती वाटत नाही. मी रोज तिच्याशी बोलते. उलथनं हल्ली लागत नाही. परवा म्हटलं, "नलू, हा पाय फार ठणकतो गो, थांबव." डोक्याच्या मध्ये उत्तर आलं. ठणका गेला. सीमानं येऊन बघितलं तर टाचेला काच लागून रक्त आलं होतं आणि मला पत्ता नव्हता. पाय आहे, पण माझा वाटत नाही. असो, ठणक्यापेक्षा बरं.

लहानसहान मागते मी. सगळं देते. एकच मागणं अजून तोंडावर आणलेलं नाही.

काकी


परळ, १५ फेब्रुवारी

काकी,

ते मागणं काय आहे ते मला कळलं. कृपा करून म्हणू नकोस. चिडून नको, थकून नको, झोपेत कूस बदलताना "आता ने बाई" असंही नको. ती वाक्य पुरं होऊ देत नाही, हे तूच लिहिलंस. नंतर मन बदललं तर सांगायला वेळ मिळणार नाही.

तिचा राग नाही मला. पण तिला भलंबुरं कळत नाही, फक्त होकार कळतो. आणि ती तुझं ऐकते, म्हणून तिला जा म्हणायचं ते तुलाच म्हणावं लागेल. बायकांनी गाऱ्हाणं घालायचं नसतं हे मला माहीत आहे. पण ज्यांनी नको म्हटलं असतं ते सगळे आपापल्या जागी गेले आहेत.

स्टुडिओत ये. तुझं बोलणं आपण टेपवर घेणार नाही, कॉम्प्युटरवर घेणार नाही. तू बोलशील आणि यंत्र त्याच वेळी ते तबकडीत कोरेल. त्यात मागेपुढे करता येत नाही, काही जोडता येत नाही, काही छाटता येत नाही. या वेळी कात्री चालवायची सोयच नको. उत्तर द्यायला मी, सीमा आणि रुचा असू.

अवधूत


लालबाग, १८ फेब्रुवारी

अवधूत,

दोन दिवस तुझ्यावर रुसून होते. तुझ्या काकांशी असं भांडण झालं असतं तर मी नुसते बटाटे उकडून पुढ्यात आदळले असते, दुसरं जेवण दिलं नसतं. तू समोर नव्हतास म्हणून वाचलास.

येते. टॅक्सी दारापर्यंत आण, तो पाय मला ओढावा लागतो. पण जिला नुसतं "जा" म्हणता येईल अशी ती पाहुणी नाही. तिला मी जागा नेमून देईन, मग सोडीन. आमच्या गावी विहिरीपलीकडे सुरंगीचं एक झाड होतं, तिथे ती लहानपणी तासन् तास बसायची. झाड असेल नसेल, जमीन तर असेल. "आवयच्या गावात सुरंगीखाली तिचो जागो" असं म्हणेन. तुम्ही तिघांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. खणखणीत म्हणा, नोकरीच्या मुलाखतीला आल्यासारखं तोंडातल्या तोंडात नको. रुचाला येतं ना म्हणायला? गिरगावची आहे, तिला शिकवून ठेव.

काकी


परळ, २४ फेब्रुवारी

काकी,

काल तू टॅक्सीत बसताना माझ्या गालाला हात लावलास आणि काही बोलली नाहीस. तुला वाटलं असेल मी दमलोय. मला तुझ्याशी बोलायचं होतं, पण तुझ्यासाठी ठेवलेल्या पाटीवर लिहायला हात उठला नाही.

तू जे ठरवलं होतंस ते म्हणाली नाहीस.

काय झालं ते लिहितो. मी तबकडी फिरवली, सुई टेकली, तुला खूण केली. तू देवाला हाक घातलीस, मूळपुरुषाला घातलीस, काकांना घातलीस. तुझा आवाज इतका चढा होता की काटा लाल रेषेच्या पलीकडे जात होता आणि मला बटणाला हात लावायचा धीर झाला नाही. प्रत्येक मागण्याला आम्ही तिघं "व्हय म्हाराजा" म्हणत होतो. दुसऱ्याच मागण्याला आम्हाला लय सापडली. सीमा तर लहानपणापासून चाळीत हेच ऐकत आलेली. तुझा स्वर शेवटाला खाली आला की आमची तोंडं आपोआप उघडत होती. शब्दांकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

तू आलेल्यांना परत पाठवलंस. आम्ही "व्हय म्हाराजा". मग तू म्हणालीस, "ही नलू, हिका खयच जागो नाय. आजपासून हिणा दुसऱ्या कोणाच्या सबदाक ओ देव नये, रे म्हाराजा." आम्ही "व्हय म्हाराजा". आणि मग, त्याच स्वरात, श्वास न घेता, "माझी वेळ येय तवसर हिणा माझ्याकडे रवाचा आणि वेळ इली की माका न्हेवक हिणाच येवचा, रे म्हाराजा."

आणि आम्ही तिघांनी, तू सांगितलंस तसं, खणखणीत आवाजात "व्हय म्हाराजा" म्हटलं.

म्हणून झाल्यावर कळलं काय म्हटलं ते: तुझी वेळ येईपर्यंत तिनं तुझ्याजवळ राहायचं आणि वेळ आली की तुला न्यायला तिनंच यायचं. सीमा अजून स्वतःला शिव्या घालते, आता मोठ्यानं घालता येतात. कारण बाकी सगळं सुटलं. एसी चालू झाला. गल्लीतली कुत्री काल संध्याकाळपासून इतकी भुंकतायत की टपरीवाल्यानं पाव टाकून पाहिला, तरी थांबेनात. मी इथे काहीही बोललो तरी मागून कोणी उत्तर देत नाही.

तुला ऐकू येत नाही, म्हणून हेही सांगायला हवं. तबकडीवर आमच्या तीन आवाजांच्या आधी तिचा आवाज आहे. त्या शेवटच्या मागण्याला तर तू "न्हेवक" म्हणायच्या आतच.

तबकडी माझ्या समोर आहे. मऊ आहे. एक खिळा फिरवला तर कोणालाच वाजवता येणार नाही. पण त्यानं म्हटलेलं पुसलं जातं का, हे मला माहीत नाही, आणि तुझ्याशिवाय कोणाला विचारू? मोडू का? तू सांगशील तसं करीन.

अवधूत


लालबाग, २७ फेब्रुवारी

अवधूत,

मोडू नकोस. चार माणसांनी व्हय म्हटलेलं खिळ्यानं खोडता येत नाही. लोकांसाठी काकांचीच तबकडी काढ, निरोपासकट. माझी तिच्यात घालू नकोस. ती सीमाच्या हाती इकडे पाठवून दे, मी ट्रंकेत कपड्यांखाली ठेवीन. फोटोचं मनावर घेऊ नकोस. मला त्यांचा चेहरा पाठ आहे.

तुम्हा तिघांना दोष लावून घेऊ नका. मी तुम्हाला फसवलं. सुरंगीच्या झाडाचं लिहिलं तेव्हा खरंच तसं म्हणायचं मनात होतं. तिथे उभी राहिले आणि विचार आला, ओसाड परड्यात ही एकटी कोणाला व्हय म्हणेल? जीभ वळली नाही.

आता ती इथे आहे. पडद्याच्या जागी हल्ली कपाट आहे, त्याच्या बाजूला बसते. दिसत नाही. खालच्या डंकाचे ठोके त्या कोपऱ्यातल्या लादीवर लागत नाहीत, त्यावरून कळतं. माझ्या पायात परत कळ यायला लागली आहे. मी तसं मागितलं होतं.

आता जे लिहिते ते नीट वाच. म्हणूनच आज बोलायला बोलावलं नाही, पत्र लिहायला बसले.

मला अजून जायचं नाहीये रे. गाऱ्हाणं घालताना वाटलं होतं की वेळ येईल तेव्हा येईल, आपण काय तिला हात लावणार. घरी आले, काळे वाटाणे भिजत घातले, आणि मनात आलं, उद्या यांचं सांबारं करून सीमाच्या पोरांना बोलावू. मग होळीला पुरणपोळ्या. मग चाळ पाडून नवी इमारत देणार म्हणतात, ती कशी दिसते ते बघू. इतकी वर्षं कंटाळा आला म्हणत होते आणि आता बघते तर मला सगळं पाहिजे. ती मात्र कोपऱ्यात तयार होऊन बसली आहे. तिला दम नाही, तुला माहीत आहे. वेळ कधी येते ते ती माझ्या तोंडून ऐकायला टपलेली आहे. "दमले गो बाई" एवढंसुद्धा आता मला मोठ्यानं म्हणता येत नाही. दिवसभर तोंड मिटून असते. शेजारच्यांना वाटतं म्हातारी मुकीही झाली.

लिहिता येतं. आम्ही दोघी वाढलो त्या घरात एकीलाच शाळेत पाठवायचं ठरलं होतं आणि ती मी होते. नलूला अक्षर वाचता येत नव्हतं. आता मी लिहिते आहे तर ती वाकून बघते आहे, मानेला गार लागतं. तिला वाटतंय मी तिच्याबद्दल काहीतरी चांगलं लिहितेय. लिहितेच आहे. तिच्यावर माझा जीव आहे. पण मला अजून जायचं नाहीये.

तर तू मला लिहीत जा. रोज लिही, काही नसलं तरी लिही. कुठली तबकडी कापलीस, सीमा काय म्हणाली, कुत्री भुंकली का. मी उत्तर देईन. बोलायला येऊ नकोस, समोर आलास की माझ्या तोंडून काय निघेल याचा मला भरवसा नाही.

आणि हे पत्र मोठ्यानं वाचू नकोस.

तुझी काकी